आधी अभय, मग अमृत

आज आश्विन वद्य त्रयोदशी. सायंकाळी घरोघरी धन्वंतरीचे पूजन होईल, धणे-गुळाचा नैवेद्य दाखविला जाईल आणि दाराबाहेर दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप तेवेल. आरोग्याची देवता आणि मृत्यूचे भय ही दोन्ही एकाच तिथीला, एकाच उंबरठ्यावर आणून आपल्या पूर्वजांनी काय सुचविले असावे, याचा या निमित्ताने विचार करावासा वाटतो.

श्रीमद्भागवताच्या अष्टम स्कंधातील समुद्रमंथनाची कथा आपण सारेच जाणतो. तथापि तिच्यातील क्रमाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अमृतकलश घेऊन धन्वंतरी प्रकटला तो अखेरीस. प्रथम वर आले ते हलाहल. भयाकुल प्रजा सदाशिवाला शरण गेली, तेव्हा तो सतीला जे सांगतो त्याचा आशय असा की, प्राणरक्षणासाठी धडपडणाऱ्या या जीवांना अभय देणे हे माझे कर्तव्य होय. विष प्राशन केले ते त्यानंतर. आधी अभय, मग अमृत! रुग्णाच्या शय्येपाशीही हाच क्रम खरा आहे, असे माझे नम्र मत आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार-चार गुण. रुग्णाच्या गुणांत स्मरण, आज्ञापालन आणि आपली व्यथा नीट सांगता येणे यांच्या बरोबरीने ‘अभीरुत्व’, म्हणजे न भिणे, हा गुण आहे. परिचारकाच्या गुणांत दक्षता व शुचिता यांच्या पंक्तीला ‘अनुराग’ बसविला आहे. भय व शोक यांतून उद्भवणाऱ्या अतिसारावर वातशामक उपचारांसह हर्षण आणि आश्वासन ही चिकित्साच सांगितली आहे. एवढेच नव्हे, तर रुग्णाच्या निवासस्थानी गायन-वादन आणि कथा-पुराणे जाणणारी माणसे असावीत, असेही आचार्य सांगतात. हे वाचताना माझ्यासारख्या कीर्तनकाराचा ऊर भरून येतो आणि लगोलग मान खालीही जाते.

मान खाली जाण्याचे कारण सांगतो. तरुणपणी शेजारच्या एका वृद्ध मातेच्या दीर्घ आजारात मी तिच्या उशाशी बसून प्रारब्धभोगावर निरूपण केले. शास्त्रार्थ चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती. त्या दिवसापासून त्या माउलीने कुठे दुखते हे सांगणेच सोडले. विचारले तर म्हणे, “भोग आहे, भोगते.” वैद्यांना काही कळेना. अखेर तिची सून रात्र-रात्र जवळ बसू लागली, पाय चेपता-चेपता इकडचे-तिकडचे बोलू लागली. तेव्हा कोठे तिने तोंड उघडले आणि औषधाची दिशा सापडली. अनुरागाने अभीरुत्व कसे उपजते, हे त्या अल्पशिक्षित सुनेने मला पंडिताला शिकविले.

अर्वाचीन शास्त्रही याच दिशेने बोलते. भ्यालेले शरीर सावध होते. अॅड्रिनलीन, कॉर्टिसॉल यांसारखी द्रव्ये रक्तात वाढतात. क्षणिक संकटात ती तारक. परंतु ती अवस्था दीर्घकाळ टिकली, तर झोप मोडते, रोगप्रतिकार क्षीण होतो आणि जखम भरून येण्यास विलंब लागतो. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर अवघ्या साडेतीन मिलिमीटरची जखम करून ती भरण्याचा काळ मोजला. ज्यांच्यावर असा भार नव्हता अशा १३ स्त्रियांच्या तुलनेत त्यांना सरासरी ९ दिवस अधिक लागले. वाचकहो, या स्त्रिया रुग्ण नव्हत्या, परिचारिका होत्या! म्हणजे अभय हवे ते केवळ रुग्णालाच नव्हे. जी गृहिणी अहोरात्र त्याची सेवा करते, तिलाही हवे.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. धीर हा औषधाचा पर्याय नव्हे. चार पादांत पहिला वैद्यच आहे. अभय म्हणजे खोटे सांगणेही नव्हे. तसेच, भय वाटणे हा रुग्णाचा अपराध मानू नये. अभीरुत्व हा त्याचा गुण खरा, पण तो त्याच्या ठायी टिकविणे हे भोवतालच्यांचे कर्तव्य आहे. आजारी माणसापाशी साडेसाती, राहिलेला नवस, चुकलेले व्रत यांची उजळणी करणारे आप्त आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. कधी-कधी ते आपणच असतो. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते, हे धर्माच्या नावाने भय पेरणाऱ्यांनी विसरू नये. आम्हा व्यासपीठावरील मंडळींनी तर नाहीच नाही.

म्हणून आज यमदीप लावून झाला की घरातील दुखणाइताजवळ क्षणभर बसावे. उपदेश करू नये. “मी येथे आहे,” एवढे म्हणावे आणि तो काय सांगतो ते ऐकावे. त्याची सेवा करणारीस म्हणावे, “आजची रात्र मी जागतो, तू नीज.” धन्वंतरीला याहून गोड नैवेद्य दुसरा नाही.