समुद्रपंखा घेताना रंग नव्हे, खाणं बघा



कोकणातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. त्यांचे चिरंजीव दोह्याला नोकरीला आहेत. खोलीवर त्यांनी खाऱ्या पाण्याचा टँक मांडला आहे. त्यात दोन-चार मासे आणि थोडं मऊ प्रवाळ वर्षभर चांगलं टिकलं आहे. आता त्यांना गॉर्गोनियन, म्हणजे समुद्रपंखा घ्यायचा आहे. भगिनींचे प्रश्न दोन आहेत. नवख्याने कोणता घ्यावा? आणि सुट्टीवर येताना त्याची एखादी फांदी घरच्या टँकसाठी आणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे : नाही. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व गॉर्गोनियन २००१ पासून आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. त्यातल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. जिवंत फांदी असो की बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवलेला वाळका तुकडा, आणू नये. इथल्या एखाद्या दुकानदाराने “हा बाहेरचा माल आहे, टँकमध्येच वाढवलेला आहे” असं सांगितलं, तरी तोंडी शब्दावर जाऊ नये. मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून आलेला पंखाही दिवाणखान्यात सजवण्यासाठी नाही.

याच ओघात आणखी एक गोष्ट. जत्रेत, उरुसात किंवा मोबाईलवरच्या दुकानांत ‘इंद्रजाल’ नावाची काळी, जाळीदार ‘वनस्पती’ काचेच्या चौकटीत बसवून विकतात. नजर लागत नाही, बरकत येते, असं सांगतात. ती वनस्पती नव्हे. तो समुद्रपंख्याचा किंवा काळ्या प्रवाळाचा सुकलेला सांगाडा असतो, आणि काळं प्रवाळही त्याच अनुसूचीत आहे. तेव्हा भिंतीवर बरकत नाही, गुन्हा टांगला जातो.

आता पहिला प्रश्न. वर्गात समुद्रपंख्याचं चित्र दाखवून “झाड की प्राणी?” असं विचारलं, तर बहुतेक हात ‘झाड’साठी वर जातात. तो प्राणी आहे; खरं तर हजारो प्राण्यांची वसाहत. फांदीवर बारीक फुलांसारखे दिसतात ते पॉलिप. प्रत्येकाला आठ हात असतात. आत लवचिक, गडद रंगाचा कणा असतो आणि त्यावर जिवंत सालीचा थर. उर्दूत ज्याला आपण मरजान म्हणतो, ते अंगठीतलं लाल पोवळंसुद्धा याच आठ हातांच्या घराण्यातलं.

या प्राण्याला भूक लागते, आणि खरेदीचा सगळा निर्णय इथेच ठरतो. गॉर्गोनियनचे दोन गट आहेत. एका गटाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि यजमानालाही देतं. दुसऱ्या गटाकडे ही सोय नाही. त्याला प्रवाहातून येणारं बारीक अन्न रोज, दिवसातून अनेकदा लागतं. तेवढं घालत राहिलं तर लहान टँकचं पाणी बिघडतं, आणि नाही घातलं तर तो उपाशी राहतो. एका दिवसात मरत नाही. महिनोन्‌महिने झिजत जातो, आणि मालकाला वाटतं की सगळं ठीक आहे.

अडचण अशी, की दुकानात डोळ्यांत भरतात ते बहुधा दुसऱ्या गटातले : लालभडक, केशरी, पिवळेधमक. मेनेला, स्विफ्टिया, डायोडोगॉर्गिया ही त्यांची नावं. नवख्याने ही नावं लक्षात ठेवावीत ती न घेण्यासाठी. पहिल्या गटातले दिसायला साधे असतात : तपकिरी, मातकट, राखाडी, फार तर जांभळट. कॅरिबियन समुद्रातले प्लेक्सॉरेला, युनिसिया, म्युरिसिया, अँटिलोगॉर्गिया आणि प्रशांत महासागराकडचा पिनिगॉर्गिया हे त्यातले. चिरंजीवांनी यातलाच एक घ्यावा. जाड फांद्यांचा प्लेक्सॉरेला किंवा पिनिगॉर्गिया सुरुवातीला बरा. दुकानदाराला नाव ठाऊक नसेल, तर “याला प्रकाश पुरतो की रोज भरवावं लागतं?” एवढं तरी विचारावं. तेही सांगता येत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

चित्रांत दिसतो तो बारीक जाळीचा जांभळा पंखा मनात असेल, तर तो विचार सोडावा. फ्लोरिडात ते दोन्ही जाळीदार पंखे तोडायला बंदी आहे. बाकीच्या जातींनाही तिथे वर्षाला ७०,००० वसाहतींची मर्यादा आहे. शक्यतो टँकमध्ये वाढवलेल्या वसाहतीची कापलेली फांदी मागावी. ती पिंजऱ्याच्या पाण्याला सरावलेली असते आणि समुद्रातून नवा जीव उचलला जात नाही.

दुकानात बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पॉलिप उघडे आहेत का? सगळे मिटलेले असतील तर आठवड्याने पुन्हा जावं. साल अखंड आहे का? टोकाला चिमूटभर काळा कणा उघडा असेल तर चालेल, तेवढं कापता येतं. पण बुडाशी साल सुटत असेल तर घेऊ नये. फांद्यांवर हिरवं शेवाळ धरलंय का? बूड दगडाला चिकटलेलं आहे का? फांद्यांच्या बेचक्यात गोगलगायी नीट शोधाव्यात, कारण काही जाती गॉर्गोनियनवरच जगतात आणि रंगाने त्याच्यासारख्याच दिसतात. वीतभर लांबीचा तुकडा पुरे.

टँक निदान सहा महिने जुना असावा. तापमान २४ ते २६ अंश, पाण्याची घनता १.०२५ च्या आसपास, आणि दोन्ही स्थिर. आखाती उन्हाळ्यात खोलीचा एसी बंद करून दिवसभर कामावर जाण्याची सवय असेल, तर आधी त्याचा विचार करावा. प्रकाश चांगला हवा आणि पाण्याचा झोत जोरदार, दिशा बदलणारा. बूड वाळूत खोचू नये. वाळूला टेकलेली साल कुजते. कणा दगडाच्या भोकात बसवून टँकसाठीच्या गोंदाने किंवा पुट्टीने पक्का करावा. आठवड्यातून एकदोनदा बारीक खाद्य दिलं तर याही गटाला मानवतं. प्रवाळ कुरतडणारे एंजल आणि बटरफ्लाय मासे सोबत नसावेत.

अधूनमधून तो काही दिवस मिटून बसेल, अंगावर मेणासारखी पातळ कात येईल. घाबरू नये, औषधं ओतू नयेत. झोत नीट असेल तर कात वाहून जाते आणि पॉलिप पुन्हा उघडतात. मात्र साल गळून काळा कणा दिसू लागला, तर चांगल्या भागापासून कापून मेलेली फांदी लगेच काढावी.

एक गोष्ट आईनेच मुलाला विचारावी : सुट्टीवर महिनाभर घरी येशील, तेव्हा टँक कोण बघणार? खोलीतला जोडीदार पाणी आणि तापमान सांभाळायला तयार असेल तरच हा जीव घरात आणावा.

आणि भगिनींनो, इथल्या घरासाठी गोड्या पाण्याचा टँक घ्या. गप्पी मासे, वॅलिस्नेरिया, जावा फर्न. मुलं तासन्‌तास बघत बसतील. खरा समुद्रपंखा बघायचा असेल तर तो आपल्याच समुद्रात आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे परवानाधारक मार्गदर्शकासोबत पाण्यात उतरा, मुलांना खडकांवरचं जग दाखवा, आणि हात न लावता परत या.