सिम्युलेटरमधला टॉवर सांगतो तो वारा नक्की कुठला? आणि बोईसरकरांना त्याचं काय?

केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि त्या भागात विमानतळ उभारायची चर्चाही सुरू झाली. तो होईल तेव्हा होईल. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मात्र पालघरवरून विमान न्यायला आजही कुणाची परवानगी लागत नाही. मुंबईला उतरताना टॉवरचा आवाज येतो, "विंड टू सेवन झिरो, टेन नॉट्स." म्हणजे वारा २७० अंशांवरून, पश्चिमेकडून *येतोय*, वेग ताशी साधारण १८ किमी. हा आकडा येतो कुठून?

बहुतेक वेळा 'मेटार'मधून. मेटार म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल. मुंबई विमानतळ तो दर अर्ध्या तासाने देतो. वारा जमिनीपासून १० मीटरवर मोजतात आणि १० मिनिटांची सरासरी काढतात. जिथे विमानतळ नाही तिथलं हवामान संगणकाचं मॉडेल गणिताने काढतं. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर २०२० मध्ये आला तेव्हा मेटिओब्लू कंपनीच्या मॉडेलवर चालायचा. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये त्याला मेटारची जोड मिळाली.

यात एक गोची आहे. मेटारमधली दिशा भौगोलिक उत्तरेपासून मोजतात. खरा टॉवर मात्र होकायंत्राच्या उत्तरेपासून सांगतो, कारण धावपट्टीचे नंबरही त्यावरूनच ठरतात. मुंबईत या दोन उत्तरांमध्ये एक अंशाचाही फरक नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. अमेरिकेतल्या सिएटलला तो सुमारे १५ अंश आहे. तिथे मेटारमधला २७० टॉवरने २५५ सांगायला हवा. सिम्युलेटर बनवणाऱ्याने हे गणित विसरलं, तर टॉवर एक बोलतो आणि विमानाला वारा दुसरीकडून लागतो.

आता खऱ्या बोईसरला या. मुंबई विमानतळ इथून सरळ रेषेत सुमारे ८० किमी. हवामान विभागाचं डहाणूचं केंद्र वीसेक किमी. फोनवरचं ॲप "बोईसर, वारा पश्चिमेकडून" असं दाखवतं, ते बऱ्याचदा मॉडेलचं उत्तर असतं. अमेरिकेच्या जीएफएस या प्रसिद्ध जागतिक मॉडेलची खुली माहिती साधारण २५ किमीच्या चौकोनांत मिळते. एमआयडीसी, तारापूर, पालघर सगळं एक-दोन चौकोनांत संपतं. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा: दुपारी समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. ही अदलाबदल नेमकी किती वाजता झाली, हे एवढ्या मोठ्या चौकोनात नीट पकडता येत नाही.

सिम्युलेटरमध्ये यामुळे फार तर लँडिंग बिघडेल. पण तारापूरला १९६९ पासून अणुऊर्जा केंद्र आहे आणि शेजारी रासायनिक कारखान्यांचा पट्टा. एमआयडीसी रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे दुपारी वायुगळती झाली तर खारा वारा तो वायू बोईसर स्टेशनकडे आणणार, आणि रात्री उलट. कोणी घरात थांबायचं, कोणी कुठल्या दिशेने निघायचं, हे त्या क्षणीच्या वाऱ्यावर ठरतं.

२०२३ मध्ये सरकारी आपत्ती इशाऱ्याच्या चाचणीत आपल्या सगळ्यांचे फोन एकदम कसे किंचाळले होते, आठवतंय ना? निरोप पोचवायचं तंत्र तयार आहे. माझं म्हणणं एवढंच, की गळतीच्या इशाऱ्यात औद्योगिक पट्ट्यातच मोजलेला वारा, मोजल्याच्या वेळेसकट, यायला हवा. वैमानिकाला धावपट्टीवरचा वारा मिळतो, तर गोदामात काम करणाऱ्याला ८० किमीवरचा का?

तोवर ॲपमध्ये वारा बघाल तेव्हा तीन गोष्टी तपासा: कुठे मोजला, कधी मोजला, आणि मुळात मोजला की गणिताने काढला? बाण दिसला तर तो वारा कुठून येतोय ते दाखवतो की कुठे जातोय, हेही बघून ठेवा. गळतीच्या वेळी प्रशासनाची सूचना आधी पाळा. ती येईपर्यंत ॲपपेक्षा कारखान्यावरचा विंडसॉक किंवा जवळचा एखादा झेंडा जास्त खरं सांगेल.