सशाला अंघोळ नको, जागा हवी

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी घरात ससा येतो. सोबत येतो तारेच्या जाळीचा पिंजरा, आणि मुक्या जिवाचे हाल तिथूनच सुरू होतात. कुत्र्या-मांजरांच्या पंजाला असते तशी मऊ गादी सशाच्या तळव्याला नसते. असतात ते फक्त दाट केस. जाळीवर दिवसरात्र बसून ते झिजतात, कातडी लाल होते, मग जखम. तळाशी फळी आणि तिच्यावर सुक्या गवताचा जाड थर एवढे केले तरी पुष्कळ.

पण चोवीस तास पिंजरा हवाच कशाला? रोज ३-४ तास तरी त्याला घरात बागडू द्यावे. विजेच्या वायरी तेवढ्या उचलून ठेवाव्यात; दात जन्मभर वाढतात, तो कुरतडणारच.

उन्हाळा ही खरी परीक्षा. सशाच्या अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. पारा ३० अंशांपुढे गेला की पत्र्याखालचा पिंजरा जीवघेणा ठरतो. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली, की तो तिला टेकून पाय ताणून पसरतो.

अंघोळ मात्र घालूच नये. भीतीनेच तो गारठतो. त्याऐवजी विंचरावे, केस गळण्याच्या दिवसांत तर रोज. अंग चाटताना केस पोटात जातात आणि सशाला उलटी होत नाही. नखे कापताना आतली गुलाबी शीर सांभाळावी.

नीट सांभाळलेला ससा ८ ते १० वर्षे जगतो. शाळा सुरू झाली म्हणून त्याला बागेत सोडून देऊ नका.