‘येईल सकाळपर्यंत’ म्हणण्यात गेलेली रात्र

२९ नोव्हेंबर २०२१ ला पालघर जिल्ह्यातली २२ वर्षांची एक मुलगी सकाळी घरातून परीक्षेसाठी निघाली. मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. पेपर दुपारी होता. ती पेपरला पोहोचलीच नाही. अंधेरीला उतरली, तिथून वांद्र्याला गेली आणि रात्री उशिरापर्यंत बँडस्टँडच्या समुद्रकाठी होती, एवढे तपासात पुढे आले. तिथल्या एका जीवरक्षकाने पोलिसांना सांगितले की, ती पाण्याकडे जाताना दिसली म्हणून आपण तिच्याशी बोलायला गेलो. पहाटे साडेतीनच्या सुमारापर्यंत दोघे तिथे होते, सेल्फीही काढले. त्यानंतर तिला कोणी पाहिले नाही.

घरच्यांनी बोईसर पोलिसांत तक्रार दिली. पुढे प्रकरण वांद्रे पोलिसांकडे आले, मग गुन्हे शाखेकडे. जवळपास १४ महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, गुन्हे शाखेने त्याच जीवरक्षकाला आणि आणखी एकाला अटक केली. खून करून देह समुद्रात सोडला, असा पोलिसांचा आरोप आहे. समुद्रात शोध घेतला गेला, पण देह सापडला नाही. आरोप खरा की खोटा हे ठरवायचे काम न्यायालयाचे आहे, आपले नाही. पण नांदेड-लातूरच्या पालकांनी या प्रकरणातली एक गोष्ट नीट पाहावी. ज्या माणसाने तिला शेवटचे पाहिले, तो पोलिसांना सुरुवातीपासून माहीत होता. तरीही अटकेपर्यंत १४ महिने गेले. एवढ्या काळात ओहोटी-भरतीच्या पाण्याने काय शिल्लक ठेवले असेल?

याच्या शेजारी १ फेब्रुवारी २०१६ ची मुरूडची घटना ठेवून पाहा. पुण्याच्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. १४ विद्यार्थी बुडाले. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांना तो दिवस अजून आठवतो. त्यानंतर सहलींसाठी सरकारने कडक नियम केले. तिथे कोणाची कोणती जबाबदारी होती यावर भरपूर लिहून झाले आहे. मात्र तिथे सोबत शिक्षक होते, नावांची यादी होती, किती मुले कमी आहेत हे लगेच कळले आणि शोधही त्याच दिवशी सुरू झाला. एकटा निघालेला विद्यार्थी कोणाच्याच यादीत नसतो. पेपरला गैरहजर राहिला म्हणून त्याच संध्याकाळी घरी फोन जात नाही. कॉलेजला वाटते घरी असेल, घरी वाटते रूमवर असेल, रूम पार्टनरला वाटते घरी गेला असेल.

लातूरच्या ट्यूशन एरियात हे रोज होऊ शकते. हिंगोली, परभणी, बीड, धाराशिवची पोरे तिथे नीटसाठी येतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. मेसवाल्याला माहीत असते की आज डबा परत आला. पण तो कोणाला सांगणार? त्याच्याकडे अब्बूंचा नंबर नाही. आपण खोलीचे डिपॉझिट भरतो, क्लासची फी भरतो, पण मेसवाला, घरमालक आणि दोन मित्र, या चार माणसांचे नंबर आपल्या मोबाइलमध्ये नसतात.

अठराच्या आत, अठराच्या पुढे

पोलीस ठाण्यात गेल्यावर बऱ्याचदा ऐकायला मिळते, ‘चोवीस तास थांबा, येईल.’ असा कोणताही कायदा नाही. चोवीस तासांची अट कुठेच लिहिलेली नाही. ती फक्त सवय आहे.

मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांच्या आत असेल तर प्रश्नच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले आहे की, हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरून एफआयआर दाखल करायचा. लातूरला अकरावी-बारावीला असलेली बहुतेक मुले १६-१७ वर्षांचीच असतात. म्हणजे त्यांच्यासाठी नुसती ‘मिसिंग’ची नोंद पुरेशी नाही. ठाण्यात जाताना आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला घेऊन जा, वय तिथल्या तिथे दाखवा.

अडचण येते ती १८ च्या पुढच्यांची. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने कुठेही जाऊ शकतो, म्हणून पोलीस फक्त बेपत्ता म्हणून नोंद करतात. ती नोंद एका वहीत पडून राहते. इथे तक्रारीत काय लिहिता यावर बरेच अवलंबून असते. ‘मुलगा घरी आला नाही’ एवढेच लिहिले तर नोंद होते. कोणासोबत होता, शेवटचा फोन कधी आणि कोणाला झाला, कोणावर संशय आहे, घातपाताची भीती का वाटते, हे लेखी दिले तर तो गुन्ह्याचा विषय होतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर घ्यावाच लागतो, हे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने २०१३ मध्येच ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. घटना पुण्यात घडली असली तरी नांदेडच्या ठाण्यात माहिती देता येते, ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. ठाणेदार ऐकत नसेल तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात हेबियस कॉर्पसचा मार्गही आहे, पण तो वकिलाचा आणि खर्चाचा मार्ग. पहिल्या रात्री त्याचा उपयोग नाही.

पहिल्या रात्री उपयोग असतो तो मोबाइलच्या टॉवरचा आणि कॅमेऱ्यांचा. मोबाइल बंद पडला तरी शेवटचा टॉवर कळतो. पोलिसांनी मागितल्याशिवाय कंपनी ती माहिती देत नाही, म्हणून अर्जातच कॉल रेकॉर्ड आणि लोकेशन काढण्याची मागणी लिहावी. चहाच्या टपरीसमोरच्या दुकानाचा, पेट्रोल पंपाचा, पुलाजवळच्या लॉजचा कॅमेरा मात्र तुम्ही स्वतः जाऊन पाहू शकता. लहान दुकानांत जुने रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसले जाते, नवे त्यावर चढते. दुकानदाराला हात जोडा, ‘भाई, एवढे एक दिवसाचे वेगळे काढून ठेव’ म्हणा, आणि पोलिसांना तसे लिहून द्या.

घरात काय होते

पोलिसांना दोष देणे सोपे आहे आणि तो बऱ्याचदा रास्तही असतो. पण निम्मी रात्र तर आपण घरातच घालवतो.

मुलगा असेल तर बेफिकिरी. ‘दोस्तांकडे असेल, बॅटरी उतरली असेल.’ मुलगी असेल तर तोंडावर बोट. मामूंना सांगू नका, मोहल्ल्यात कळता कामा नये, रिश्ता मोडेल. अम्मी आतल्या खोलीत रडते आणि अब्बू रात्री दोन वाजता एकटेच मोटरसायकल घेऊन स्टेशन, बसस्टँड फिरतात. ठाण्यात जायला पाय उचलत नाही, कारण तिथे पहिला प्रश्न मुलीच्या चालचलनाचा होईल हे माहीत असते. ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने जाऊ नये. ओळखीचा वकील, नगरसेवक, कॉलेजचे सर, जमातीतला जबाबदार माणूस, कोणीतरी सोबत घ्यावे.

सगळ्यात घाबरलेले असतात ते मित्र. पाण्याच्या दुर्घटनांत हे दिसते. चार पोरे न सांगता नदीवर किंवा खदानीवर गेली, एक बुडाला, बाकीचे तिघे कपडे घालून घरी आले आणि झोपले. घरच्यांचा मार, पोलिसांचा मार, आणि कोणी प्यायले असेल तर त्याची भीती. मग चॅट पुसले जातात, ‘तो तर आठ वाजताच निघाला होता’ असे सांगितले जाते, आणि शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो. आपल्या घरात मुलाला रात्री उशीर झाल्यावर पहिले वाक्य ‘कुठे मेला होतास’ असेल, तर वाईट वेळी तो आपल्याला फोन करणार नाही. आणि दुसऱ्याच्या पोराबद्दल विचारायला कोणी दारात आले, तर आपल्या पोराला आत लपवू नका. तो साक्षीदार आहे, आरोपी नाही. त्याने खरे सांगितले तर एका आईला मुलाचे तोंड तरी पाहायला मिळेल.

आपल्याकडचे पाणी

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. अशा दुष्काळी भागात बुडण्याची भीती कसली, असे वाटते. उलट आहे. पाणी नाही म्हणून पोहणे नाही, आणि जिथे पाणी आहे ते अंगावर येणारे आहे. विहिरी, खडी काढून सोडलेल्या खदानी, प्लास्टिक अंथरलेली शेततळी. शेततळ्यात उतरलेला चांगला पोहणाराही त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून वर चढू शकत नाही, हे शहरातल्या पोरांना माहीत नसते. कंधारच्या जगतुंग तलावात काही वर्षांपूर्वी दर्ग्याला आलेल्या नांदेडच्या एकाच कुटुंबातले पाच जण गेले. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. ओढणी, दोरी, रिकामा कॅन फेकायचा असतो, स्वतः उडी मारायची नसते.

नांदेडचे तर पाणीच मोठे. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, मेडिकल कॉलेज आणि इंजिनीअरिंग कॉलेज, तिन्ही विष्णुपुरी परिसरात, जलाशयापासून फार लांब नाहीत. पावसाळ्यात वरून पाणी आले की विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात. नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो, पण रूम घेऊन राहणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यापर्यंत तो पोहोचेलच असे नाही. काल रात्री ज्या घाटाच्या पायरीवर बसून गप्पा मारल्या ती आज पाण्याखाली असते.

बुडालेला देह आधी तळाला जातो. उन्हाळ्यात साधारण एक-दोन दिवसांत वर येतो, थंडीत जास्त वेळ लागतो. वाहत्या पाण्यात तो बुडाला तिथे वर येत नाही. आणि इथे नांदेडच्या घरांनी एक तारीख ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. या चार महिन्यांत नांदेडला गोदावरीत पडलेले काहीही तेलंगणात, बासरकडे आणि पुढे पोचमपाडच्या जलाशयात जाऊ शकते. मुदखेड, उमरी, धर्माबाद या ठाण्यांबरोबर निर्मल आणि निजामाबाद जिल्ह्यांच्या पोलिसांनाही फोटो, कपड्यांचे वर्णन, अंगावरची खूण गेली पाहिजे. लातूरकडच्या मांजरेचेही तसेच, ती पुढे कर्नाटकात बीदरकडे जाते. सीमेपलीकडे ओळख न पटलेला देह ‘बेवारस’ ठरतो आणि त्याची विल्हेवाट कोणत्या पद्धतीने लागली हे घरच्यांना कधीच कळत नाही. जनाजाची नमाजही नशिबात नसते.

पोस्टमॉर्टेम

देह सापडला की घरातून पहिली विनंती येते, ‘चिरफाड नको, लवकर तदफीन करू द्या.’ दुःख समजण्यासारखे आहे. बुडून गेलेल्याला हदीसमध्ये शहीदांत गणले आहे, तरी गुस्ल, कफन, नमाज सगळे नेहमीसारखेच होते, आणि त्यात उशीर कोणालाच नको असतो. पण पाण्यात सापडलेला देह म्हणजे कायद्याने अकस्मात मृत्यू. संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचनामा होतो, आणि मृत्यूचे कारण संशयास्पद असेल तिथे शवविच्छेदन करावेच लागते. ते टाळण्यासाठी ओळखी लावणारे नातेवाईक पुढे वर्षभर विचारत राहतात, ‘बुडाला की बुडवला?’ उत्तर त्याच टेबलावर होते. पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता का, याचा अंदाज फुप्फुसांवरून आणि हाडाच्या मगजात त्या पाण्यातले सूक्ष्म शैवाल सापडते का यावरून लावतात. त्याला डायटम तपासणी म्हणतात. ती आपोआप होईलच असे नाही, लेखी मागावी, आणि त्याच ठिकाणच्या पाण्याचा नमुना घ्यायलाही सांगावे.

पोटात दारू निघेल म्हणून घाबरणारी घरेही आहेत. याबद्दल कोणी उघड बोलत नाही. व्हिसेरा अहवालात ते लिहिले गेले तरी तो अहवाल मोहल्ल्यात वाटला जात नाही. आणि मुलाने एका रात्री चूक केली म्हणून त्याला पाण्यात ढकलणारा मोकळा सुटावा, असे कोणत्या बापाला वाटेल?

सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेमला केंद्राने १५ नोव्हेंबर २०२१ पासून परवानगी दिली आहे. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय असेल तर, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न सोडता, रात्री करत नाहीत. म्हणून देह संध्याकाळी मिळाला आणि संशय असेल तर मस्जिदीत इशाची वेळ जाहीर करू नका, दुसऱ्या दिवशी जोहरची सांगा. दफन करण्याआधी पंचनाम्यावर कोणाच्या सह्या आहेत ते पाहा, अंगावरच्या कपड्यांची आणि मोबाइलची नोंद त्यात आली का ते वाचून घ्या. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, आणि त्याचा अहवाल यायला महिने लागतात. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी कोणीतरी एकाने ठाण्यात जाऊन विचारायचे, आणि जाताना जुन्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत सोबत ठेवायची.