आधी कॉलेजचा संघ, मग लीग

प्रो कबड्डीच्या २०२५च्या हंगामात पुणेरी पलटण अंतिम फेरीपर्यंत गेली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. त्या अख्ख्या हंगामात पुण्यात एकही सामना झाला नाही. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत सगळी स्पर्धा पार पडली. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर किंवा दौंडच्या माणसाला पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडासंकुल काही तासांच्या अंतरावर आहे, गाडी करून चार जणांनी सामना पाहून रात्री परत येता येतं. पण त्या वर्षी आपल्या जिल्ह्याचं नाव लावणारा संघ फक्त टीव्हीवर दिसला. कबड्डीने हे सोसलं, कारण २०१४ साली लीग सुरू होण्याआधी कित्येक दशकं गावोगावची मंडळं, जिल्हा संघटना आणि कंपन्यांचे संघ यांनी तिचा प्रेक्षक घडवून ठेवला होता. बास्केटबॉलकडे आपल्याकडे तशी पुंजी नाही. म्हणून या खेळावर प्रेम करणाऱ्या शिरूर-दौंडच्या लोकांनी आधी कुठल्या व्यावसायिक लीगची वाट पाहू नये, आपल्या कॉलेजांच्या संघांची नियमित मालिका मागावी, असं माझं म्हणणं आहे. लीग टिकते ती प्रेक्षकावर, आणि प्रेक्षक तयार होतो तो माणसाला एखादा संघ ‘आमचा’ म्हणावासा वाटतो तेव्हा.

भारतातल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा गेल्या दशकाचा इतिहास हेच सांगतो. २०१५ साली युनायटेड बास्केटबॉल अलायन्स ही आठ संघांची लीग सुरू झाली. त्यात पुणे पेशवाज होता, मुंबई चॅलेंजर्स होता. परदेशी प्रशिक्षक आले, सामने टीव्हीवर दिसले, आणि २०१७ नंतर लीग थांबली. राष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती हे त्यामागचं एक कारण मानलं जातं, आणि ते खरंही आहे. पण पुढे खुद्द महासंघाच्या छत्राखाली इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली, तिलाही अजून घराघरांत जागा मिळालेली नाही. गुणवत्तेचा दुष्काळ म्हणावा, तर तेही नाही. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग २०१५ साली एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर निवडला गेला; हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. अमज्योतसिंग एनबीएच्या खालच्या लीगमध्ये खेळला. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलं. तरीही पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये दिसला तो एकदाच, १९८० साली मॉस्कोत. खेळाडू निघतात, पैसा लावणारेही अधूनमधून पुढे येतात. मात्र शहराचं नाव छातीवर लावून लिलावात जमवलेला संघ दूरच्या एखाद्या सभागृहात खेळतो, तेव्हा त्या शहरातल्या माणसाला त्याच्याशी आपलं काय नातं आहे हे उमगत नाही.

हे नातं कुठून येतं, ते अमेरिकेतल्या आयोवा राज्याकडे पाहिलं की कळतं. मक्याच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं हे राज्य. बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल यांपैकी एकाही मोठ्या व्यावसायिक लीगचा संघ तिथे नाही. बास्केटबॉलपटू कॅटलिन क्लार्क याच राज्यात वाढली आणि याच राज्याच्या विद्यापीठाकडून खेळली. ऑक्टोबर २०२३मध्ये तिच्या संघाचा एक सराव सामना विद्यापीठाच्या उघड्या फुटबॉल मैदानावर ठेवला, तर ५५,६४६ माणसं आली. तिचा संघ खेळलेली २०२४ची महिला कॉलेज स्पर्धेची अंतिम लढत अमेरिकेत सरासरी जवळपास १ कोटी ८९ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिली. पुरुषांच्या अंतिम लढतीला १ कोटी ४८ लाख प्रेक्षक होते. त्यानंतर क्लार्क व्यावसायिक लीगमध्ये इंडियाना फीव्हरकडे गेली आणि आदल्या वर्षी घरच्या सामन्यांना सरासरी चार हजारांच्या आसपास प्रेक्षक असलेल्या त्या संघाला १७ हजारांवर प्रेक्षक मिळू लागले. महिलांची ती लीग १९९७पासून चालू होती. म्हणजे सत्तावीस वर्षं व्यावसायिक चौकट उभी होती, पण गर्दी आली ती कॉलेजच्या मैदानावरून. ज्या मुलीला लोकांनी आपल्या राज्याच्या गणवेशात चार वर्षं पाहिलं, तिच्यामागे ते पुढच्या शहरातही गेले.

अशी निष्ठा आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल? शिरूर तालुक्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटावर उन्हात उभी राहणारी माणसं कोणत्या गावाचा, कोणत्या घरचा गाडा आला, हे पाहायला येतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये शर्यतींचा कायदा वैध ठरवला तेव्हा गावांनी केलेला जल्लोष त्या आपलेपणाचाच होता. यात्रेतल्या कुस्त्यांच्या फडातही तेच. मात्र आपल्या कॉलेजांचे खेळ या आपलेपणापर्यंत पोहोचूच दिले जात नाहीत. शिरूरचं चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय, तळेगाव ढमढेरेचं साहेबराव शंकरराव ढमढेरे महाविद्यालय, केडगावचं सुभाष बाबुराव कुल महाविद्यालय, दौंडचं के. जी. कटारिया महाविद्यालय, ही सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. विद्यापीठाची रीत ठरलेली आहे: आधी विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. ही चाळणी आहे, आणि चाळणीचं काम ती चोख करते. पण बाद पद्धतीच्या स्पर्धेत सकाळी दुसऱ्याच्या गावी गेलेला संघ दुपारी हरून परततो, त्याचं त्या वर्षाचं खेळणं तिथेच संपतं. त्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी त्याला खेळताना पाहिलेलं नसतं, मग गावाने कुठून पाहावं?

उपाय आवाक्यातला आहे. थ्री-बाय-थ्री हा बास्केटबॉलचा प्रकार टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्याला एकच रिंग लागते आणि १५ मीटर बाय ११ मीटर इतकी जागा; पूर्ण कोर्टाला २८ बाय १५ मीटर लागतात. संघात चार जण, त्यातला एक राखीव. दहा मिनिटांत किंवा एका संघाचे २१ गुण होताच सामना संपतो. चार खेळाडूंचा संघ उभा करायला लहान कॉलेजलाही अडचण पडू नये. एका संध्याकाळी मुलांचे आणि मुलींचे मिळून पाच-सहा सामने होतात. दोन तालुक्यांतल्या चार-सहा कॉलेजांनी दर शनिवारी आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर खेळायचं, वर्षभराचं वेळापत्रक जूनमध्ये फलकावर लावायचं, एवढीच मूळ कल्पना. केडगाव-दौंड प्रवास रेल्वेने होतो, शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता दोन्ही तालुक्यांना जोडतो. दौंड रेल्वेचं मोठं जंक्शन आहे आणि तिथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. रेल्वे आणि पोलीस ही खेळाडूंना नोकरी देणारी आपल्या देशातली जुनी खाती, त्यांचे संघ पाहुणे म्हणून उतरले तर कॉलेजच्या पोरांना आपली पातळी कळेल. पैशाचं म्हणाल, तर कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या यादीत ग्रामीण खेळांच्या आणि ऑलिंपिकमधल्या खेळांच्या प्रशिक्षणाला स्पष्ट जागा आहे, आणि रांजणगाव व कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहती याच दोन तालुक्यांत आहेत. काँक्रीटचं अर्धं कोर्ट, दोन दिवे आणि एक प्रशिक्षक हा खर्च त्यांना जड नाही.

यावर पहिला आक्षेप येईल, तो कबड्डी-कुस्तीच्या मुलखात या शहरी खेळाचा आग्रह कशाला, असा. त्यात तथ्य एवढंच की बास्केटबॉल आपल्याकडे शहरांतल्या संस्थांच्या अंगणात वाढला. पण खेळ शहरी आहे म्हणून खेड्यात रुजत नाही, हे सतनामसिंगच्या गावाने खोटं पाडलं आहे. शिवाय ही मालिका कबड्डीची जागा घेणारी नाही. हीच घरच्या-बाहेरच्या सामन्यांची पद्धत कबड्डीला आणि खो-खोलाही लावावी. पुणेरी पलटणला आपलं म्हणणारा प्रेक्षक वीस वर्षांनीही असायला हवा असेल, तर कबड्डीलाही तिची गरज आहे. बास्केटबॉलचा आग्रह मी धरतो, कारण कमी जागेत मुलं आणि मुली दोघांनाही तो सारखाच खेळता येतो, आणि रांजणगाव-कुरकुंभमुळे या तालुक्यांत राज्याराज्यांतून आलेल्या कामगारांच्या मुलांना गावातल्या मुलांबरोबर एका संघात आणायला तो सोयीचा आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे: यातून मुलाला मिळणार काय? महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मोठ्या स्पर्धांतल्या पदकावर मिळतं. दोन तालुक्यांच्या मालिकेला त्यात स्थान नाही. हे मान्यच करायला हवं. मात्र पदकावर नोकरी मिळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि आजची व्यवस्था फक्त त्यांचाच विचार करते. उरलेली मुलं पहिल्या पराभवानंतर खेळ सोडतात. वर्षाला दोनऐवजी वीस सामने खेळलेली मुलं पुढे पंच होतील, क्रीडाशिक्षक होतील, गुणलेखक होतील, किमान तिकीट काढून सामना पाहणारे जाणते प्रेक्षक होतील. कोणतीही लीग ज्यांच्या अभावी कोसळते, ती हीच माणसं. आणि ज्यांना खरोखर पदकापर्यंत जायचं आहे, त्यांची तयारी वीस सामन्यांनी अधिक पक्की होईल. अभ्यासाची काळजी रास्त आहे. म्हणूनच सामने शनिवारी संध्याकाळी आणि सत्रपरीक्षांचा काळ पूर्ण वगळून.

तिसरा आक्षेप अमेरिकेचं नाव घेतल्यावर येणारच. कॉलेज खेळांच्या ज्या व्यवस्थेचं कौतुक चाललं आहे, तिने खेळाडूंच्या जिवावर दशकानुदशकं कोट्यवधी डॉलर कमावले आणि त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही दिलं नाही. जून २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या लाभांवरच्या बंधनांवर बोट ठेवलं. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली, आणि जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना थेट मोबदला देण्याची वाट मोकळी झाली. हा न्याय होता आणि उशिराच झाला. पण त्याच सुमाराला संघ बदलण्याचे नियमही सैल झाले, आणि दर वर्षी नवे चेहरे पाहून आता तिथला चाहता बेचैन आहे. यातून आपण घ्यायचा धडा दुहेरी आहे. खेळाडूला फुकट राबवू नये: प्रवासखर्च, जेवण, विमा आणि जमल्यास फीमध्ये सवलत पहिल्या दिवसापासून मिळालीच पाहिजे. आणि संघात खेळणारा विद्यार्थी खरोखर त्या कॉलेजात शिकणारा, त्या परिसरातला असावा. बाहेरून खेळाडू आणून चषक जिंकणारं कॉलेज फलक मिळवेल, पण गावाला आपल्यामागे उभं करू शकणार नाही.

म्हणून मागणी साधी ठेवू या. विद्यापीठाने पुणे ग्रामीण विभागाची बास्केटबॉल स्पर्धा एका दिवसात बाद पद्धतीने उरकण्याऐवजी साखळी पद्धतीने, घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांसह घ्यावी, आणि तिचा पहिला प्रयोग शिरूर-दौंडमध्ये करावा. कॉलेजांनी मैदानाचं फाटक त्या संध्याकाळी गावासाठी उघडं ठेवावं. तीन वर्षं ही मालिका न चुकता चालली, तर पुढे पुण्याच्या नावाने जी कोणती लीग येईल, तिला या दोन तालुक्यांत खेळ समजणारा प्रेक्षक तयार मिळेल. ती न आली, तरी शनिवारी संध्याकाळी आपल्या कॉलेजचा सामना पाहायला जमणारं गाव असेलच, आणि खेळासाठी तेवढंही कमी नाही.