अम्मी, ती का उडाली?

कोहमाऱ्याच्या टी पॉइंटवर राहणाऱ्याला प्रवासाचे अप्रूप नसते. नागपूर-रायपूर महामार्गाचे ट्रक रात्रंदिवस दारावरून जातात. इतरांना जाताना पाहण्यातच आपली वर्षे निघून जातात. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघी शिक्षिका मैत्रिणींनी ठरवले, आज आपणही जायचे. पहाटेच घरचा स्वयंपाक उरकला, डब्यात पराठे आणि लिंबाचे लोणचे घेतले आणि नवेगावबांधला उतरलो.

आपला गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. गावोगावचे तलाव आणि बोड्या कोहळी समाजाच्या मेहनतीतून उभ्या राहिल्या. नवेगावचा हा मोठा तलावही कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे लोक सांगतात. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणींचे डोंगर म्हणतात. माणसांनी बांध घालून डोंगरांमधली जागा भरली आणि पाणी अडले. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प.

बांधावरून चालत, चढाची वाट घेत आम्ही दिवसभर फिरलो. दम लागला की बसायचे, बसले की फोटो काढायचे. जोहरची नमाज झाडाखाली झाली, तिथेच डबे उघडले. लग्नानंतर घरच्यांशिवाय असा पूर्ण दिवस मी पहिल्यांदाच बाहेर होते. मन अगदी हलके झाले होते.

उतरताना पाण्यावर बदकांचा मोठा थवा दिसला. शेपटी अणकुचीदार, म्हणजे तलवार बदके. सगळी निवांत, काही तर मान पाठीत खुपसून झोपलेली. मोबाईलमध्ये नुसते काळे ठिपके दिसत होते. "उडाली तर काय फोटो येईल!" असे कोणीतरी म्हणाले. ते कोणीतरी मीच होते. मी खाली वाकले, दगड उचलला आणि पाण्यात भिरकावला.

थवा उठला. पंखांचा आवाज डोंगरापर्यंत गेला. मी पटापट फोटो काढले. जवळच डोंग्यात एक म्हातारे ढीवर काका जाळे आवरत होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गोटा नोका मारू जी बाई. रातभर चरून आता कुठं टेकली होती." मी हसून मान हलवली आणि पुढे निघाले.

संध्याकाळी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. माशाअल्लाह, सुभानअल्लाहचा पाऊस पडला. माझी मुलगी पाचवीत आहे. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, "अम्मी, ती का उडाली?"

वर्गात चाळीस मुलांसमोर मी कधी अडखळत नाही. त्या दिवशी अडखळले. "पक्षी उडतातच बेटा" असे सांगून सुटता आले असते. पण दुसऱ्या दिवशी मला याच मुलांच्या वयाच्या पोरांना खरे बोलण्याचा धडा शिकवायचा होता. म्हणून सांगितले, "मी दगड मारला म्हणून." ती काहीच बोलली नाही. मोबाईल माझ्या हातात देऊन निघून गेली.

रात्री मी काकांच्या बोलण्याचा विचार केला. ही बदके सैबेरियासारख्या दूरच्या थंड मुलखातून येतात. दिवसा पाण्यावर विसावा घेतात, अंधार पडल्यावर चरतात. परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. आपण विनाकारण उडवले की त्या शिदोरीतलाच घास जातो. घरी आलेल्या थकल्या मेहमानाला फोटोसाठी कोणी झोपेतून उठवते का?

मग डॉ. सलीम अली आठवले. लहानपणी मुंबईत त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामा अमिरुद्दीन तय्यबजींना ठाऊक नव्हते. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखला आणि त्या मुलाला संस्थेचा संग्रह उघडून दाखवला. देशाचा सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ त्या प्रश्नातून घडला. सुरुवात चुकीतूनही होते, पण चुकीनंतर प्रश्न विचारावा लागतो. आमच्या घरात तो माझ्या मुलीने विचारला.

त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. नवेगावच्या जंगलात वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तुमच्या मुलांच्या शाळेत विचारून पाहा.

आणि तलावावर गेलात तर एवढे करा. भडक कपडे टाळा. सकाळी लवकर जा, सूर्य पाठीशी घ्या, एका जागी शांत बसा. घरट्याजवळ जाऊ नका. मोबाईलऐवजी दुर्बीण असेल तर उत्तम. पक्षी आपणहून उडतील तेव्हा फोटो घ्या. नाही उडाले तर डोळ्यांनी पाहा.

त्या फोटोखाली मी ग्रुपवर लिहिले, "हा थवा मी दगड मारून उडवला, चूक झाली." बराच वेळ कोणीच काही लिहिले नाही. मग मोठ्या जाऊबाईंनी लिहिले, "आम्हीही मागच्या वर्षी तेच केले होते."

पुढच्या रविवारी मुलगी माझ्यासोबत येणार आहे. तिची अट एकच आहे, मोबाईल तिच्या हातात राहील.