आधी ओळख, मग हुकूम

लॅब्राडॉर जातीचा कुत्रा घरी आला की पहिल्याच आठवड्यात दोन उपदेश हमखास ऐकावयास मिळतात. एक, 'याच्याशी इंग्रजीतच बोला, याला दुसरे काही कळत नाही'. आणि दुसरा, 'आताच चार फटके द्या, म्हणजे जन्मभर ताब्यात राहील'. गेल्या ज्येष्ठात बेळगावास आमच्या घरी असा एक कुत्रा आला, तेव्हा हे दोन्ही उपदेश आम्हांलाही मिळाले. दोन्ही चुकीचे आहेत असे आमचे मत असून, विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ते मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

या जातीस लोक 'इंग्रजी कुत्रा' म्हणतात, पण तिचे मूळ इंग्लंडातले नव्हे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या सोबतीने थंडगार पाण्यात उतरणारे, जाळ्यांचे दोर आणि निसटलेले मासे तोंडात धरून आणणारे कुत्रे हे या जातीचे पूर्वज. एकोणिसाव्या शतकात तेथील काही कुत्रे इंग्लंड-स्कॉटलंडातील जमीनदारांनी नेऊन वाढविले, आणि 1903 साली इंग्लंडातील केनेल क्लबाने या जातीस मान्यता दिली. शिकाऱ्याने पाडलेले बदक दात न लावता मालकाच्या हाती आणून देणे, हे तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. म्हणूनच आमच्या वडिलांची वहाण दर सकाळी अंगणात सापडू लागली, तेव्हा घरात 'चोर, चोर' अशी हाकाटी झाली तरी आम्हांस राग आला नाही. वहाणेवर दाताचा एक ओरखडाही नव्हता. तो बिचारा आपला वंशपरंपरागत व्यवसाय करीत होता!

हा कुत्रा पिलू नव्हता. चार वर्षांचा होता. आधीच्या घरच्यांची बदली झाली आणि नव्या जागेत त्याची सोय होईना, म्हणून तो आमच्याकडे आला. त्याचे नाव ब्रूनो. पण 'ब्रूनो' अशी हाक मारली की तो जवळ येण्याऐवजी पलंगाखाली जाई. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्तमानपत्र वाचून झाल्यावर सहज त्याची गुंडाळी केली, तर तो पोट जमिनीला घासत कोपऱ्यात सरकला आणि तेथेच त्याने लघवी केली. तेव्हा उलगडा झाला. त्याच्या लेखी हाक ही माराची सूचना होती आणि वर्तमानपत्र हे मारण्याचे साधन होते. मोठ्या कुत्र्याचे नाव बदलू नये असे जाणते लोक सांगतात, आणि एरवी ते खरेही आहे. पण ज्या नावाला भय चिकटले आहे ते टाकून द्यावे, असे आम्हांस वाटते. आम्ही त्याला मोत्या म्हणू लागलो. मोत्या म्हणायचे आणि भाकरीचा एक तुकडा पुढे ठेवायचा, एवढेच. चौथ्या दिवशी नाव ऐकून त्याचे कान हलले.

पहिले आठ-दहा दिवस आम्ही त्याला एकही हुकूम दिला नाही. यावर शेजारी हसले. परंतु अनोळखी घरात आलेल्या प्राण्याला आधी काय हवे असते? जेवण केव्हा मिळते, झोपायचे कोठे, फिरायला कोण नेते, आणि या घरातले हात काय करतात, हे त्याला कळावे लागते. म्हणून खाण्याच्या व फिरण्याच्या वेळा ठरविल्या आणि त्या मोडल्या नाहीत. मुलांना ताकीद दिली की, तो निजला असता वा जेवत असता त्याला हात लावायचा नाही, आणि गळ्यात पडून लाड करावयाचे नाहीत. त्याने जवळ यावे, आपण त्याच्यावर जाऊन पडू नये. आम्ही रोज संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, त्याच्याकडे न पाहता, वाचीत बसत असू. बाहेर पावसाची झड लागलेली असे. एका संध्याकाळी तो उठून आला आणि वर्तमानपत्राच्या कडेवर हनुवटी टेकून पडला. ती बातमी अर्धवटच राहिली.

त्यानंतर शिकवणीस प्रारंभ झाला, आणि खरी शिकवणी घरच्यांचीच निघाली. आम्ही 'बस' म्हणावे, मुलांनी 'सिट' म्हणावे, पत्नीने 'खाली बस बघू शहाण्यासारखा' असे म्हणावे. कुत्र्याने यांतून काय निवडावे? शेवटी 'बस', 'ये', 'थांब', 'सोड' असे चार शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविले. पाठ पाच मिनिटांचा, दिवसातून तीनदा. तो बसला की त्याच क्षणी खाऊ. उशीर केला की तो उठल्याचे बक्षीस मिळाले, असा त्याचा समज होई. फिरताना त्याने दोरी ताणली की आम्ही जागीच उभे राहत असू, आणि दोरी सैल झाली की पुढे निघत असू. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाण्यास पाऊण तास लागला.

इंग्रजीचा प्रश्न मात्र आमच्या गवळ्याने परस्पर सोडविला. तो कानडी बोलतो. सकाळी दूध घालताना 'बा, बा इल्ली' अशी प्रेमाने हाक मारतो, आणि हा 'इंग्रजी' कुत्रा शेपूट हलवीत फाटकाशी धावतो. कुत्र्याला भाषा नसते. आवाज, हातवारे आणि त्यामागून काय येते, हे त्याला कळते. मग मराठी घरात मराठी सोडून त्याच्याशी अडखळत बोलण्याची हौस कशासाठी?

खाऊविषयी सावधगिरी हवी. हा कुत्रा खादाड, यात त्याचा दोष थोडा. 2016 साली केंब्रिज येथील संशोधकांनी दाखविले की, या जातीच्या सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गहाळ असतो, आणि त्याचा संबंध वाढत्या वजनाशी व अन्नाच्या ओढीशी आहे. तेव्हा शिकवणीचा खाऊ दिवसाच्या जेवणातूनच वजा करावा. काकडीचा, गाजराचा तुकडाही त्याला पुरतो. द्राक्षे, मनुका, कांदा आणि चॉकलेट यांपैकी काहीही देऊ नये. ती त्याला विषासमान आहेत.

राहता राहिला फटक्यांचा उपदेश. मार देऊन कुत्रा गप्प बसतो हे आम्ही नाकारीत नाही. मोत्याही गप्पच होता. पलंगाखाली गप्प होता. पण भ्यालेला कुत्रा कशाने आवरला आहे हे कळत नाही, आणि एखादे दिवशी तो चावतो तेव्हा लोक म्हणतात, 'अचानक चावला.' प्राण्याला मारहाण करून यातना देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेतील छडीही 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने गेली. जी मुले स्वतः छडीवाचून शिकत आहेत, त्यांनीच घरी कुत्र्यावर काठी उगारावी, हे आम्हांस विपरीत वाटते.

आमचे वडील मात्र दारावरचा कागद मानीत नाहीत. ते आरामखुर्चीतून हात वर करतात, तो सावकाश खाली आणतात आणि म्हणतात, "बसा, मोत्याराव." पूर्वी वर गेलेला हात पाहून तो पळत असे. आता तो त्या हाताकडे पाहतो, आणि बसतो.